मोठे सर, कडी आतून लावली आहे

हे मी दोन माणसांसाठी लिहितोय. पहिला तो, ज्याला हाच आजार आहे आणि जो हे वाचता वाचताच अंगठ्याने दुसरं काहीतरी उघडायच्या बेतात आहे. त्याला मी उपदेश करणार नाही. बाबा रे, जरा बस आणि वाच, एवढंच म्हणतो. दुसरे म्हणजे लातूरचे मोठे सर. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी माझ्या बाबतीत जो धंदा केला तो मला त्यांच्या बाबतीत करायचा नाही. पण ते वाचतील आणि स्वतःला ओळखतील, आणि वाचताना त्यांच्या घशात घास अडकावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. आजारातून उठलेला माणूस शांत होतो, सगळ्यांना माफ करतो, असं बऱ्याच पुस्तकांत असतं. मी कुणाला माफ केलेलं नाही.

आजाराचं नाव सरळ सांगतो. मोबाईलवर आणि लॅपटॉपवर अश्लील व्हिडिओ पाहणं, ते झालं की नुसतंच स्क्रोल करत बसणं, आणि हे थांबवता न येणं. दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास तरी येतो. माझ्या आजाराला वास नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घालून फिजिक्स शिकवत होतो आणि चौकाचौकात माझे फोटो लागलेले होते.

घराची रीत

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. औशाच्या पुढे आमचं गाव. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणायचो, आतल्या खोलीत एकटी झोपायची. मोठी झाली होती, म्हणून आतून कडी लावायची. जमीन हलली तशी आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला आणि आईला अंगणात ढकललं आणि ते परत आत पळाले. अक्का आतून ओरडत होती, आण्णा बाहेरून दार ओढत होते. चौकट वाकडी झाली आणि कडी आत रुतून बसली. मग माळवद खाली आलं. आण्णा कसे वाचले ते त्यांनाही सांगता येत नाही.

पुढे पुनर्वसनात घर मिळालं. चार भिंती, पत्रा, दारं कड्यांसकट. राहायला गेलो त्या दिवशी आण्णांनी पेचकस घेतला आणि आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. न्हाणीची सुद्धा. तेव्हापासून आमच्या घराची रीत अशी, की दार नुसतं लोटायचं. बाहेरच्याने खोकायचं. आत कुणी असेल तर त्याने उलट खोकायचं. पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांना सर्दी झाली की न्हाणीपुढे नुसता गोंधळ व्हायचा. आई हसायची. आई आता नाही, पण ती रीत आहे.

सुमन, माझी बायको, नांदेडची. शहरात वाढलेली. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिने खोलीचं दार आतून चाचपलं, कडी सापडेना, तर सुटकेस सरकवून दाराला लावली. सकाळी आण्णांनी ती पाहिली.

"पोरी, ब्याग काढ ती. येळंला सरकत न्हाई," ते म्हणाले.

तिने काढली. खोकायला मात्र तिला कधी जमलं नाही. ती न्हाणीत गाणी म्हणायला लागली आणि आण्णांना ते चाललं.

पत्र्याच्या शेडपासून फ्लेक्सपर्यंत

भूकंपानंतरच्या काही वर्षांत लातूरला शिकवण्यांचं वेड लागलं. गावोगावची पोरं एसटीने यायची, खोल्या करून राहायची, डॉक्टर-इंजिनियर व्हायचं म्हणायची. मी त्यातलाच एक. डॉक्टर झालो नाही, एम. एस्सी. होऊन मोठ्या सरांच्या क्लासमध्ये शिकवायला लागलो. तेव्हा त्यांचा क्लास म्हणजे पत्र्याचं एक शेड होतं. पुढे मजले चढत गेले. मला शिकवता येतं, हे मी फुशारकीने नाही, माहिती म्हणून सांगतो. निकालाच्या दिवसांत फ्लेक्सवर वर मोठे सर, खाली निकालवाली पोरं आणि मधे मी, बोट वर करून उभा.

आण्णा बाजाराला लातुरात आले की त्या फ्लेक्सखाली थांबायचे. कुणी ओळखीचं भेटलं की म्हणायचे, "ह्यो आमचा बालाजी."

लॉकडाउन आला आणि तास ऑनलाइन झाले. क्लासने लॅपटॉप दिला. भाड्याच्या फ्लॅटमधली आतली खोली मी रेकॉर्डिंगसाठी घेतली. तिथल्याही आतल्या कड्या आण्णांनी कधीच काढून टाकल्या होत्या. आमची चिऊ तेव्हा तीन-चार वर्षांची, तास चालू असताना पळत यायची आणि कॅमेऱ्यापुढे नाचायची. म्हणून मी सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवून घेतली. भूकंपानंतर आमच्या घराण्यात लागलेली ती पहिली कडी.

आण्णा त्या वेळी आमच्याकडेच होते. त्यांनी कडी पाहिली, हात लावून पाहिली. अंथरूण उचललं आणि त्या दिवसापासून गॅलरीत झोपायला लागले.

कडीच्या आत

अश्लील व्हिडिओ मी त्याआधी पाहिलेच नव्हते असं म्हटलं तर तुम्ही हसाल. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. गाणी मागितली तरी दुकानदार डोळा मारून आणखी काहीतरी टाकून द्यायचा. पण तेव्हा कार्ड संपायचं. आता काही संपतच नव्हतं.

आधी तास संपल्यावर पाहायचो. मग दोन तासांच्या मधे. मग दुपारभर. काय पाहायचो त्याचं वर्णन इथे करणार नाही, त्याचं तुम्हाला काही कौतुक नाही आणि मला तर मुळीच नाही. एवढंच सांगतो की शेवटी शेवटी पाहण्यात सुखही नव्हतं. पंधरा गोष्टी उघडायच्या, एकही पूर्ण बघायची नाही, पुढची शोधायची. शोधतानाच दुपार निघून जायची. ते संपलं की बातम्या, क्रिकेट, कुणाचीतरी भांडणं, जुने फोन कसे उघडतात त्याचे व्हिडिओ. जेवायला बोलावलं की मी ओरडायचो, "रेकॉर्डिंग चालू आहे!" चिऊ दारावर थापा मारून कंटाळून जायची.

झोप गेली. सुमनकडे बघायचं गेलं. शिकवताना गणिताच्या मधेच मी हरवायचो आणि पोरांनाच विचारायचो की आपण कुठे होतो. पोरांना वाटायचं सर परीक्षा घेतायत. सुमन विचारायची, "तब्येत बरी न्हाई का तुमची?" मी म्हणायचो, कामाचा ताण. ताण हा शब्द लातुरात कुणालाही पटतो.

तो दिवस

आमच्या भागात जमीन अजून अधूनमधून गुरगुरते. लोक क्षणभर थांबतात, पंख्याकडे बघतात आणि कामाला लागतात. त्या दुपारी मात्र भांडी वाजली. बिल्डिंगमधली सगळी माणसं जिन्याने खाली धावली. सुमन चिऊला घेऊन धावली. आण्णा धावले नाहीत. ते माझ्या दारापाशी आले.

मी आत कानात हेडफोन घालून बसलो होतो. मला हादरा कळला नाही, आरडाओरडा कळला नाही. आण्णा आधी खोकले असणार. मग थापा मारल्या, मग मुठी, मग खांदा. मला कळलं ते दाराची फळी फुटून कडी खिळ्यांसकट उडाली आणि माझ्या पायाशी पडली तेव्हा. दारात आण्णा उभे होते. हाताची बोटं रक्ताने भरलेली. त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं नाही.

ते म्हणाले, "अक्के."

मग ते खाली बसले आणि ती कडी हातात घेऊन बघत राहिले. मागे लॅपटॉप चालूच होता. मला वाटलं, आण्णांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांची नजर कडीवरून हलली नव्हती. सुमन चिऊला खाली शेजारणीकडे देऊन वर आली, तिने पाहिलं. ती पुढे गेली, लॅपटॉप मिटला आणि आण्णांचा हात आपल्या पदरात गुंडाळला.

जमिनीला काहीच झालं नव्हतं. बिल्डिंगच्या एका भिंतीलासुद्धा चीर गेली नव्हती. मोडली ती आण्णांची दोन बोटं.

निदान

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत सुमन बोलली नाही. बाहेर बाकड्यावर ती म्हणाली, "घाण वाटती म्हणून मी गप हाय, असं समजू नका. मला एवढंच इचारायचंय, तुम्हाला थांबता येतं का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायला लागलो. दवाखान्यातल्या लोकांना वाटलं, वडिलांच्या बोटांसाठी केवढा रडतोय मुलगा. आण्णांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "आरं दोन बोटं तर हायती. आठ हायती की अजून."

सुमनने मला नांदेडला नेलं. लातुरात मानसोपचाराच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलो असतो तर वर पोचायच्या आत माझ्या तीन बॅचेसना कळलं असतं. नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी खाली मान घालून बोलत होतो. त्या मधेच म्हणाल्या, "सर, वर बघून बोला. जेवढं खाली बघाल तेवढं ते मोठं वाटेल." मग त्यांनी सांगितलं की हे एकटं आलेलं नाही, सोबत नैराश्य आहे, झोपेचे बारा वाजलेत, आणि विचारलं की मी मरणाचे विचार करतो का. मी करत होतो. त्यांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

मला काय झालंय, हे एका परक्या बाईने नाव घेऊन सांगितलं तेव्हा शरमेपेक्षा सुटका जास्त वाटली. मग लगेच दुसरा विचार आला, आण्णांना कळता कामा नये. ज्या माणसाने अक्काच्या जागी मला धरून आयुष्य काढलं आणि फ्लेक्सखाली उभं राहून माझं नाव घेतलं, त्याला हे कळलं तर मी जगूच शकणार नाही, असं मला अगदी ठाम वाटत होतं. सुमनकडून शब्द घेतला. मॅडमकडूनही घेतला.

वॉर्ड

वॉर्डात शिरताना रफीकभाई नावाचे ब्रदर मोबाईल काढून घेत आणि कापडी पिशवीत घालून कपाटात टाकत. "सर, ये भी आराम करेगा, तुम भी आराम करो," ते मला म्हणाले. पहिले काही दिवस माझा अंगठा चादरीवर आपोआप सरकायचा. शेजारच्या खाटेवरचे रेल्वेतले काका ते बघत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय पुसताय?"

सकाळी चहा, गोळ्या, गोळी गिळली का ते बघायला तोंड उघडायचं, व्हरांड्यात फेऱ्या, मॅडमचा राउंड, पुन्हा गोळ्या. कंटाळा म्हणजे काय ते मला तिथे पुन्हा कळलं. हाताशी काहीच नसलं की माणसाला भिंतीवरची पाल दिवसभर पुरते.

आणि त्या वॉर्डात एकाही दाराला आतून कडी नव्हती. रोग्याने स्वतःला कोंडून काही करून घेऊ नये म्हणून. न्हाणीलासुद्धा नव्हती. पहिल्या सकाळी मी दार लोटलं, सवयीने खोकलो आणि आतून कुणीतरी खोकलं. मी बाहेर उभा राहून खूप दिवसांनी हसलो.

आण्णा भेटायला आले, हात गळ्यात बांधलेला. त्यांना सांगितलं होतं, झोपेचा आजार आहे. त्यांनी वॉर्डभर फिरून एकेक दार आतून तपासलं. परत येऊन खाटेवर बसले आणि समाधानाने म्हणाले, "दवाखाना चांगला हाय. ह्यास्नी कळतंय."

नारळपाणी

मोठे सर तिसऱ्या का चौथ्या दिवशी आले. कुणी सांगितलं देव जाणे. हातात नारळपाणी, चेहऱ्यावर काळजी. सुमन उठून बाहेर गेली तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"सर, लॅपटॉप आपण ऑफिसला परत पाठवलात ना. आमच्या पोरांनी उघडला." ते हळू बोलत होते, जणू मलाच धीर देत होते. "मी त्यांना म्हटलं, तोंड बंद. सर आपल्या घरचे आहेत."

मी घाईत तो लॅपटॉप तसाच परत पाठवला होता. तेवढीही अक्कल राहिली नव्हती.

"नांदेडच्या क्लासवाल्यांनी तुम्हाला बोलावलंय म्हणे," ते पुढे म्हणाले. "जा, माझी ना नाही. फक्त गोष्टी पसरतात हो. तुमचे वडील किती साधे आहेत. या वयात त्यांच्या कानावर काही गेलं तर?"

मी बरा होऊन लातूरला परत येईन, दुसऱ्या कुठल्याही क्लासला जाणार नाही, रविवारच्या बॅचेसही घेईन, असा त्यांनी आणलेला करार मी वॉर्डातल्या खाटेवर सही करून दिला. मी इतका भ्यालो होतो की त्यांनी अजून काही मागितलं असतं तरी दिलं असतं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. नारळ मी रेल्वेतल्या काकांना दिला.

सोडल्याने बरं वाटतं का?

हा प्रश्न मला आता बरेच जण विचारतात, गपचूप, कोपऱ्यात घेऊन. उत्तर सरळ नाही.

सुरुवातीला अजिबात बरं वाटत नाही. डोकं जड, अंगात कणकण, सगळ्यांवर चिडचिड. मी चिऊवर ओरडलो आणि मग तिच्यासमोर बसून माफी मागितली. मोबाईलवर एक जमात आहे जी सांगते, सोडा आणि बघा, डोळ्यात तेज येईल, आवाज भारदस्त होईल, लोक वळून बघतील. मला कुणी वळून बघितलं नाही. उलट हे सोडण्याचे व्हिडिओच मी तासन् तास बघायला लागलो. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. मॅडमना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून हसल्या. म्हणाल्या, "अहो सर, दुकान तेच आहे, फक्त पाटी बदललीय." मग मी बटणाचा फोन घेतला.

दिवस मी मोजले नाहीत. मोजणारे एकदा घसरले की सगळंच गेलं म्हणून पुन्हा गाळात बसतात, असं मॅडमचं म्हणणं होतं. मीही घसरलो, एकदा नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून सांगितलं आणि गोळ्या घेत राहिलो.

मग हळूहळू जे आलं ते फार साधं होतं. झोप आली. वरणाला चव आली. सुमन बोलताना तिचं वाक्य मला शेवटपर्यंत ऐकू यायला लागलं. फळ्यावर गणित मांडताना मी पुन्हा पोरांच्या पुढे असायचो, मागे नाही. हे नुसतं व्हिडिओ सोडल्याने झालं, नैराश्याच्या गोळ्यांनी झालं की सुमनने हात सोडला नाही म्हणून झालं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण ज्या दुपारी मी कडीच्या आत घालवल्या, त्यांतल्या एकीतही मला बरं वाटलेलं नव्हतं, हे मात्र नक्की.

आणि आणखी एक खरं सांगतो, जे सांगितलेलं मॅडमना आवडत नाही. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो रागाचा. हात फोनकडे गेला की मला ते नारळपाणी आठवायचं, पाठीवरचा तो हात आठवायचा, आणि मी दात खाऊन म्हणायचो, याला आणखी एक गोष्ट माझ्याबद्दल मिळता कामा नये. लोक देवाचं नाव घेतात. मी मोठ्या सरांचं घ्यायचो, आणि ते कसं घ्यायचो ते इथे लिहिता येणार नाही.

मी आण्णांना सांगितलं

वर्षभर मी लातुरात राबलो. सकाळ, दुपार, रविवार. मोठे सर जिन्यात भेटले की न चुकता विचारायचे, "वडील बरे आहेत ना?" फक्त तेवढंच. एकदा मी दिवाळीची सुट्टी मागितली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं आणि मी सुट्टी न घेता खाली आलो. त्या दिवशी जिन्यातच मला कळलं की व्यसन सुटलं तरी मी सुटलेलो नाही. या माणसाच्या हातातली दोरी एकाच जागी बांधलेली होती, आण्णांच्या गळ्याला.

पुढच्या मंगळवारी मी तास टाकून गावी गेलो. आण्णा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मोडलेली बोटं वाकडीच जुळली होती. मी समोर बसलो. मॅडमचं ऐकलं आणि वर बघून सगळं सांगितलं. काय बघत होतो, त्या दुपारी आत काय चालू होतं, दवाखाना कशाचा होता.

आण्णा शेंगा सोलत राहिले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"सुमननं सांगितलं?"

"सुमन कशाला सांगंल. दार मीच फोडलं न्हवं का. डोळे बी हुते की मला." मग शेंगेचं टरफल टाकून म्हणाले, "आन् तुझ्या सराचा फोन आलता. तू दवाखान्यात हुतास तवा."

"काय म्हणाले?"

"म्हणला, पोराला समजवा, कलास सोडू नगं म्हणा, न्हाई तर गावभर हुईल. पोरगं आत असं असं करत हुतं म्हणला."

"मग?"

"मग काय. मी म्हणलाव, सर, माझी पोरगी कडीच्या आत मेली. पोरगं कडीच्या आतून जित्तं निघालंय. ते आत काय करत हुतं ते इचारायला मला येळ न्हाई." ते पुन्हा शेंगांकडे वळले. "आन् फोन ठिवला."

"मला का नाही सांगितलं, आण्णा?"

"तुला लाज वाटंल म्हणून. तू झोपंचा आजार म्हणलास, मी बी झोपंचा म्हणलाव."

मी त्यांच्या पायाशी बसून शेंगा सोलायला लागलो. प्रेमाने भरून आलं होतं, हे खरं. पण त्याच्या खालून जो संताप उसळला तोही लिहिलाच पाहिजे. म्हणजे त्या माणसाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं की दोरी तुटलेली आहे. तरी तो वर्षभर जिन्यात उभा राहून तुटलेली दोरी हलवत होता, आणि मी बैलासारखा चालत होतो.

केबिन

पुढच्या वर्षाचे आगाऊ प्रवेश सुरू झाले होते. मोठ्या सरांच्या केबिनमध्ये आणि बाहेर पालकांची गर्दी. मी आत गेलो. ते हसून म्हणाले, "या सर. वडील बरे आहेत ना?"

"छान आहेत," मी म्हणालो. "तुमच्या फोनची आठवण काढत होते."

त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. मी पालकांकडे वळलो. आवाज मुद्दाम तासाला लावतो तसा लावला.

"मी इथे फिजिक्स शिकवतो. मला मोबाईलवर नको ते बघण्याचं व्यसन लागलं होतं. नांदेडला दाखल होऊन उपचार घेतले, अजून घेतोय. सरांना हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी शिकवायला लायक नाही असं वाटलं असतं तर त्यांनी मला काढायला हवं होतं. त्यांनी काढलं नाही. गोष्ट बाहेर काढीन म्हणून धमकावलं आणि तुमच्या मुलांना रविवारी सुद्धा मलाच शिकवायला लावलं. आता गोष्ट बाहेर आलेली आहे. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे, पुरावा बघायचा असेल तर मागा."

मोठे सर उठले, परत बसले, पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. करार फाडून टाकण्याचा नाटकीपणा मी केला नाही. तो त्यांच्याच कपाटात असू दे म्हणालो.

सूड गोड लागतो का? लागतो. खोटं कशाला बोलू. जिना उतरताना पाय हलके झाले होते. खालच्या पायरीवर मागून एक बाई आल्या, साधीशी साडी, हातात मुलाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, नांदेडच्या त्या मॅडमचा पत्ता द्या की. कुणासाठी ते इचारू नका." मी दिला.

किंमत मोजावीच लागली. नांदेडच्या ज्या क्लासने बोलावलं होतं त्यांनी नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. लातुरात फ्लेक्सवरचा माझा चेहरा काढायचा तर नवीन छापायला हवा होता. मोठ्या सरांनी तो खर्च वाचवला आणि माझ्या मानेवर नव्या सरांचं मुंडकं चिकटवलं. शर्ट माझा, वर केलेलं बोट माझं, डोकं दुसऱ्याचं. पावसात ते मुंडकं एका कोपऱ्याने सुटलं आणि आतून मी अर्धा दिसायला लागलो. ज्यांनी तो फ्लेक्स पाहिला त्यांना मोठे सर कोण ते मी सांगायची गरज नाही.

कडी

आता आम्ही नांदेडला राहतो, सुमनच्या माहेरापासून जवळ. घरीच थोडी मुलं येतात. त्यांच्या पालकांना मी पहिल्या दिवशी सगळं सांगतो. काही उठून जातात, काही राहतात. जे राहतात त्यांची पोरं मी जीव लावून शिकवतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा बाहेरच्या खोलीत बसत होतो. टीव्ही, चिऊचा दंगा, कुकरच्या शिट्ट्या. चार ओळी झाल्या की कुणीतरी यायचं. आण्णा आले होते. दोन दिवस त्यांनी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आले आणि पिशवीतून पेचकस काढला. आतल्या खोलीच्या दाराशी बसून वाकड्या बोटांनी काहीतरी करायला लागले. मी जवळ गेलो तर त्यांनी लोखंडाची नवी कडी बसवली होती.

"आण्णा, हे काय करायलात? नको."

"बस आत. काय लिव्हायचंय ते लिव्ह त्या सरावर. बेस लिव्ह."

"कडी कशाला पण?"

"लाव म्हणलं न्हवं." ते दाराबाहेर चटई टाकून बसले. "मी हाय की हितं."

मोठे सर, तुम्ही ज्या गोष्टीची मला भीती घालत होतात ती मी आता स्वतःच्या हाताने लिहून काढली आहे. हे लिहिताना दाराला आतून कडी आहे, आणि ती माझ्या बापाने बसवलेली आहे. तुमच्याकडे आता माझं काहीही नाही.

बाहेर आण्णा खोकतायत. मी उलट खोकतो आणि पुढे लिहितो.